आंबणं आणि नासणं

आमच्या पडवीत, जात्याच्या शेजारी, एक झाकलेली बादली असते. पाहुणा आला की आधी तिच्याकडं बघतो आणि मग माझ्याकडं. आत काय आहे हे विचारायला संकोचतो, पण वास तर येतच असतो. थोडा आंबिलाचा, थोडा ताकाचा, आणि वैशाखात थोडा पिकून पडलेल्या फणसाचासुद्धा. मक्याचा भरडा, ज्वारी, तांदळाची कणी आणि गव्हाचा कोंडा असं सगळं तीन दिवस पाण्यात मुरत असतं. आमच्या कोंबड्यांची ती न्याहारी.

मी मूळची कराडची. माहेरी अंडी दुकानातून यायची, कागदात गुंडाळलेली. लग्न होऊन कोयना खोऱ्यातल्या या वाडीत आले तेव्हा कोंबडी जिवंत असताना हातात धरायची कशी हेही मला ठाऊक नव्हतं. वाडीत पस्तीसेक उंबरे, आणि एकाही घराचं खुराडं रिकामं नाही. लग्नानंतरच्या चौथ्या-पाचव्या दिवशी आत्यांनी (सासूबाईंना मी आत्याच म्हणते, आमच्याकडं सगळ्याच सुना म्हणतात) मला पहाटे उठवलं आणि कोपऱ्यातलं मडकं दाखवून म्हणाल्या, "ह्यातलं पळीभर-पळीभर घाल, आन् मग खुराडं उघड. आधी खुराडं उघडलंस तर पायांत नाचतील."

पण घालण्याआधी त्या स्वतः वाकल्या. झाकण बाजूला केलं, मडक्याच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले. क्षणभर थांबून म्हणाल्या, "आंबलंय. दे." मग कधीतरी पंधरा दिवसांनी तसंच वाकून म्हणाल्या, "नासलंय. उकिरड्यावर टाक, आन् मडकं उन्हात उपडं घाल." मी दोन्ही वेळा वास घेतला होता. मला दोन्ही वास सारखेच लागले होते.

तो फरक नाकाला कळायला मला दोन वर्षं लागली. अजूनही मला वाटतं की कोंबड्यांच्या खाण्याबद्दल मी जे काही शिकले ते सगळं त्या एका फरकात आहे.

मराठीत बिघडण्याला किती शब्द आहेत बघा. दूध नासतं, आमटी विटते, भाकरी बुरसते, फळ सडतं, पाला कुजतो, आणि पीठ आंबतं. या सगळ्यांत आंबणं तेवढं ताटात येतं. आंबील, आंबोळी, आणि गोठ्यात गाईसाठी कालवलेलं आंबोण. दिवसभर चिखलात वाकून भात लावून आलेल्या बाईचं अंगही आंबतं. म्हणजे आंबणं ही शिक्षा नाही, हा नाश नाही. काहीतरी काम होऊन गेल्याची ती खूण आहे. हा विचार मला मडक्यापाशी उकिडवं बसल्यावर सुचला होता आणि तो मी अजून सोडलेला नाही.

मडक्यात नेमकं काय होतं ते मला पुष्कळ नंतर समजलं. धान्याच्या दाण्यावर, कोंड्यावर सूक्ष्म जीव असतातच. दही लावणारे जिवाणू ज्या जातकुळीतले, त्याच जातकुळीतले हेही. पाण्यात बुडाले, वरून हवा तुटली की ते धान्यातली साखर खातात आणि आंबट आम्ल सोडतात. दुसऱ्या दिवशी बुडबुडे दिसायला लागतात. तिसऱ्या दिवशी पाण्याचा आंबटपणा दह्याच्या जवळपास जातो, मोजायच्या पट्टीवर 4 च्या आसपास. इतक्या आंबटात आतडी बिघडवणाऱ्या बऱ्याच जंतूंना तग धरणं अवघड जातं. सगळा खेळ कोण आधी पोचतं याचा आहे. आंबवणारे जिवाणू आधी पोचले आणि त्यांनी पाणी आंबट केलं, तर ते आंबलं. ते मागं राहिले, धान्य पाण्याच्या वर उघडं पडलं, भांडं नीट धुतलेलं नव्हतं, तर दुसरेच कुणीतरी तिथं घर करतात, आणि मग ते नासलं.

म्हणून आमचे नियम साधे. धान्याच्या वर चार बोटं पाणी हवं. धान्य फुगतं, संध्याकाळी परत बघून पाणी घालायचं. नळाला औषध टाकलेलं पाणी असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरायचं, नाहीतर जे जिवाणू आपल्याला हवेत तेच दबतात. रोज दोनदा लाकडी पळीनं ढवळायचं. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट त्याला खातं. आणि बादली कधीच पूर्ण रिकामी करायची नाही. तळाचं वाटीभर आंबट पाणी पुढच्या खेपेला विरजण म्हणून राखायचं. त्या विरजणानं पुढची खेप दोन दिवसांत तयार होते. थंडीत तीन-चार दिवस लागतात, बादली चुलीच्या भिंतीला सरकवून ठेवावी लागते. आत्यांचं मडकं गेलं आणि माझी झाकणाची बादली आली, एवढाच काय तो पिढीचा बदल.

वर पांढरी पातळ साय धरली तर घाबरायचं नाही, ढवळून टाकायची. पण केसाळ बुरशी दिसली, हिरवी, काळी, गुलाबी, कुठल्याही रंगाची, तर एक दाणाही वाचवायचा नाही. या बाबतीत मी आता कुणाचंच ऐकत नाही, आणि त्याला कारण आहे. ते पुढं येईल.

एक गोष्ट कळली तेव्हा मी फार हरखले होते. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना आत्या एकेकीला उचलायच्या आणि मानेच्या बुडाशी, जरा उजवीकडं, बोटांनी चाचपायच्या. तिथं अन्नाची पिशवी असते. दिवसभर टिपलेलं सगळं आधी तिथं साठतं. भरली असली की हाताला मळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखी लागते. "हिचं पोट भरलंय, हिचं न्हाई, हिला उद्या वायलं घाल," असा हिशेब अंधारात चालायचा. मला वाटायचं ही नुसती साठवणीची जागा. पण त्या पिशवीतही तेच दही लावणारे जिवाणू वस्तीला असतात. दाणे तिथं ओले होतात, मऊ पडतात आणि थोडेसे आंबतात, मग पुढं गिळलेल्या खड्यांच्या जात्यात, म्हणजे पेषणीत, दळायला जातात. म्हणजे कोंबडीच्या गळ्याखाली निसर्गानंच एक मडकं ठेवलेलं आहे. आत्यांचं मडकं हे त्या मडक्याची आधीची पायरी, इतकंच.

आणि तिथंही तोच फरक लागू. पिशवी सकाळी रिकामी लागली पाहिजे. लांब वाळकं गवत, दोऱ्याचा तुकडा असलं काही गिळून ती तुंबली, तर आतलं अन्न पुढं सरकत नाही. सकाळीही पिशवी फुगलेली, चोच उघडली की घाण वास. आतल्या आत नासलेलं. असं दिसलं की आत्या त्या कोंबडीला वेगळी काढून दिवसभर नुसतं पाणी द्यायच्या आणि पिशवी हलक्या हातानं चोळत बसायच्या. तेव्हा त्यांचा चेहरा तापातल्या पोराच्या उशाशी बसलेल्या आईचा असायचा.

धान्याचंही एक गुपित आहे. मका, ज्वारी, गहू, या सगळ्यांत स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असतं, पण त्यातला मोठा भाग फायटेट नावाच्या कुलपात असतो. कोंबडीच्या पोटात त्या कुलपाची किल्ली फारशी नसते, त्यामुळं ते विष्ठेतून तसंच उकिरड्यावर जातं. सोबत चुना, जस्त असली खनिजंही ते अडकवून नेतं. भिजवून आंबवलं की कुलूप बरंच उघडतं. ही किल्ली मक्यात कमी आणि गव्हाच्या कोंड्यात जास्त असते, म्हणून बादलीत ओंजळभर कोंडा टाकायला मी विसरत नाही. आत्या कोंडा टाकायच्या त्याचं कारण वेगळं होतं. "नुसत्या कणीवर कोंबडी उभी ऱ्हाईना," असं त्या म्हणायच्या. गिरणीतून पांढराशुभ्र होऊन आलेल्या तांदळाची कणी कुणी फुकट दिली तरी त्या ती एकटी कधी घालत नसत.

हे मी पुढं एकदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर, तेव्हाच्या बटाव्हियात, क्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगाचं कारण शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडायला लागले. त्या धडपडायच्या, मान टाकायच्या. मग जशा आजारी पडल्या तशाच एके दिवशी बऱ्या व्हायला लागल्या. चौकशी केली तर कळलं, मधले काही महिने त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायचा नाही म्हणून त्यानं तो बंद केला. कोंबड्या साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. तांदळाच्या कोंड्यात काहीतरी आहे, ते नसेल तर शरीर मोडतं, ही वाट तिथून दिसली आणि पुढं ब जीवनसत्त्वापर्यंत पोचली. आइकमानला 1929 साली नोबेल मिळालं. एका अर्थानं जगाला जीवनसत्त्व शिकवलं ते कोंबड्यांच्या खाण्यानं. मी हे आत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "त्या आचाऱ्याला काय मिळालं?" मला उत्तर देता आलं नाही.

आता त्या बुरशीचं.

एका आषाढात पाऊस आठ दिवस उघडला नव्हता. आत्या नणंदेकडं उंब्रजला गेल्या होत्या. भिंतीला टेकून ठेवलेल्या पोत्यातला मका मी काढला तर दाण्यांच्या टोकाशी हिरवट भुकटी दिसली, कुबट वास आला. पोतं अर्धं होतं. पावसाळ्यात अर्धं पोतं मका फेकायचा म्हणजे काय, हे ज्याच्या घरी मोजून धान्य येतं त्यालाच कळेल. मी विचार केला, आंबटात जंतू मरतात हे तर आपल्याला माहीत आहे. धुऊन घेऊ, आंबवू, तीन दिवसांत बुरशी मरेल. धुतला, भिजवला. तिसऱ्या दिवशी वासही चांगला आंबट आला. मी आठवडाभर तोच घातला.

आधी अंडी थांबली. मग कोंबड्या पंख फुलवून, डोळे मिटून, भर दुपारी सावलीत उभ्या राहायला लागल्या. हिरवट पातळ हगवण. दोन तलंगा, ज्यांनी अजून पहिलं अंडंही घातलं नव्हतं, एका सकाळी खुराड्याच्या तळाशी आडव्या मिळाल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी एक उघडून दाखवली. काळीज, म्हणजे यकृत, गडद तांबडं असायला हवं, ते फिकट पिवळं पडलेलं होतं, हळदीच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यासारखं. ते म्हणाले, "बुरशी मेली असेल, पण तिनं सोडलेलं विष कुठं जाणार?"

अफ्लाटॉक्सिन त्या विषाचं नाव. 1960 साली इंग्लंडात लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले आणि कुणाला कारण कळेना. शेवटी शोध ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी येऊन थांबला. पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी होती, तिच्याच नावावरून विषाला नाव पडलं. ते उकळून जात नाही, वाळवून जात नाही, आणि आंबवून जातं असं धरून चालणं म्हणजे कोंबडीच्या काळजाशी खेळणं. आपल्याकडं पेंड आणि मका ही दोन्ही कोंबड्यांची रोजची खाणी, आणि पावसाळा चार महिन्यांचा. आता मका आला की मी आधी कडक उन्हात वाळवते, पोतं भिंतीपासून हातभर लांब फळीवर ठेवते, आणि आषाढाच्या आधी जेवढं संपेल तेवढंच भरते.

आत्या परत आल्या तेव्हा मी सगळं सांगितलं, लपवलं नाही. त्या रागावल्या नाहीत. खुराड्यात वाकून उरलेल्या मोजल्या आणि म्हणाल्या, "बुरसलेलं आंबवून सुधरत न्हाई, पोरी. आंबायला धान्य आधी धड लागतं." त्या वाक्यात त्यांनी मला पोरी म्हटलं होतं, हेच मी कितीतरी दिवस धरून होते.

झाडपाल्याबद्दल लिहायचं तर मला हात आखडता घ्यावा लागेल, कारण त्यावर माझं प्रेम फार आहे आणि प्रेमात माणूस जास्तीचं बोलतो. आमच्या परसात शेवगा आहे, अडुळसा आहे, तुळस आहे, हळदीचे चार वाफे आहेत, कडुनिंब रस्त्याच्या कडेला. पावसाच्या तोंडावर आत्या लसूण ठेचून, हळद आणि चिमूटभर ओवा घालून आंबवलेल्या धान्यात कालवायच्या. वर एखादी सुकी मिरची कुटून. मिरचीचं मला नवल वाटायचं, पण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. त्यांच्या तोंडात तो ओळखायची सोय नाही. म्हणून तर पोपट हिरव्या मिरच्या खुशाल खातात. कोंबडीला गोडही कळत नाही. आंबट आणि कडू मात्र कळतं.

कडू कळतं हे मी अनुभवलं. एका वर्षी कुणाकुणाचं ऐकून मी एकदम सगळंच द्यायला निघाले. कडुनिंबाचा पाला, काडेचिराईत, अडुळसा, लसणाच्या पंधरा पाकळ्या, सगळं वाटून बादलीत. कोंबड्यांनी चोच लावली, मान झटकली आणि दोन दिवस त्या भांड्याकडं फिरकल्या नाहीत. उपाशी राहिल्या, पण खाल्लं नाही. आत्या म्हणाल्या, "औषीद म्हणून जेवान करू नगं." चिमूट ही चिमूटच राहिली पाहिजे, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. दहा कोंबड्यांना लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, तीही आठवड्यातून दोनदा, आणि ठेचून लगेच. लसणाचा तो झणझणीत अंश ठेचल्यावरच तयार होतो. अख्खी पाकळी गिळली तर त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

यातलं मला सर्वात भरवशाचं वाटतं ते शेवग्याचा पाला. वाळलेल्या पाल्यात शेकडा पंचविसाच्या आसपास प्रथिनं असतात, चुना असतो. सावलीत वाळवून, चुरून, मूठभर रोज. पंधरा दिवसांत बलकाचा रंग बदलतो. माझी लेक पुण्याला असते, ती दुकानातलं अंडं आणि आमचं अंडं शेजारी शेजारी फोडून फोटो पाठवते. एक लिंबाच्या सालीसारखं, एक झेंडूसारखं. हा रंग कोंबडी स्वतः बनवत नाही, हिरव्या पाल्यातून आणि पिवळ्या मक्यातून घेते. ज्यांना पाला मिळत नाही त्यांच्या खाद्यात खरोखरच झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात.

रंगावरून आठवलं. हिवाळ्यात पहाटे आमचा कोंबडा आरवला की वरच्या रानातून रानकोंबडा उत्तर देतो, तुटक, घोगऱ्या आवाजात. राखी रंगाचा, मानेवर पिवळे ठिपके. सह्याद्रीतला हा पक्षी. आपल्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पिवळे पाय आणि पिवळी कातडी देणारा गुण त्यांच्यात या राखी रानकोंबड्याकडून आला असं 2008 साली संशोधकांनी दाखवलं. पाल्यातला पिवळा रंग कातडीत धरून ठेवायचा तो गुण. तेव्हापासून मला ती आरोळी परक्याची वाटत नाही.

पण झाडपाल्यावर सगळा भार टाकायचा नाही. हे मला लिहायलाच हवं, कारण आता खेड्यापाड्यातल्या खताच्या दुकानातसुद्धा कोंबड्यांच्या आयुर्वेदिक अर्कांच्या बाटल्या रांगेनं उभ्या असतात, आणि सगळ्यांवर सगळे रोग लिहिलेले असतात. त्या येण्यामागं एक खरं आणि चांगलं कारण आहे. मोठ्या पोल्ट्रीत कोंबडी लवकर वाढावी म्हणून खाद्यातून प्रतिजैविकं देण्याची जी सवय लागली, तिच्यामुळं औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात. युरोपीय संघानं वाढीसाठी प्रतिजैविकं घालणं 2006 पासून बंद केलं. आपल्याकडं 2019 च्या जुलैत कोलिस्टिन हे औषध खाण्याच्या जनावरांसाठी बंद झालं, कारण माणसाचं बाकी काही चालेनासं झालं की शेवटी तेच वापरायचं असतं. त्यामुळं लसूण, हळद, ओवा, आंबवलेलं धान्य, याकडं लोक परत वळले याचा मला मनापासून आनंद आहे. पण पोट नीट ठेवणं वेगळं आणि साथ अडवणं वेगळं.

ते मला एका फाल्गुनात कळलं. खुराड्यात 19 पक्षी होते. अंडी चांगली चालू होती, कवच जाड, हगवण नाही, तुरे लालभडक. आंबवलेलं धान्य रोज, पाला रोज. मला वाटत होतं, आता यांना काही होत नाही. जत्रेच्या आठवड्यात शेजारच्या घरी बाजारातून एक कोंबडी आली. चौथ्या दिवशी ती मेली. सातव्या दिवशी आमची पहिली. मान पिरगाळून मागं वळलेली, कोंबडी वर आभाळाकडं बघत गोल गोल फिरते आणि पडते. मानमोडी. डॉक्टर राणीखेत म्हणतात. कुमाऊँतल्या राणीखेत गावावरून पडलेलं हे नाव, जगभर तिलाच न्यूकॅसल म्हणतात. मी लसूण दिला, हळद दिली, तुळशीचा काढा ड्रॉपरनं एकेकीच्या चोचीत घातला. रात्रभर कंदील घेऊन खुराड्यापाशी बसले. बारा दिवसांत तीन उरल्या.

त्या तिघी लसणानं वाचल्या असं मी म्हणू शकले असते. वाडीत कुणी तसं म्हणालंही. पण बाकीच्या सोळांनाही मी तोच लसूण दिला होता.

त्यानंतर आम्ही लस टोचायला लागलो, आणि त्यात खरी अडचण काय असते ते कळलं. लसीची बाटली शंभर पक्ष्यांची. फोडली की थोड्या वेळात संपवावी लागते. आणायची ती बर्फात घालून. एका घरात पंधरा कोंबड्या. मग कोण आणणार आणि कोण पैसे देणार? परसातल्या कोंबड्या लसीवाचून मरतात त्यात मालकाचा अडाणीपणा थोडा असतो, हा हिशेबच जास्त असतो. आता आम्ही बायकांनी ठरवून घेतलंय. वर्षातून तीनदा, सगळ्या वाडीचं मिळून. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा, डोळ्यात एक थेंब. आठ आठवड्यांनी आर2बी, टोचायची. ही आर2बी लस मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेतली, तेही कुमाऊँतच. रोगाचं नाव जिथलं, लसही त्याच डोंगरांतली.

लसीच्या आदल्या रात्री कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवायच्या, सकाळी सोडायच्या नाहीत. उजाडता उजाडता समाजमंदिरासमोर डालग्यांची रांग लागते. धाकट्या जाऊबाई धरतात, मी थेंब घालते. पिलू तळहातावर घेतलं की त्याचं काळीज बोटाला लागतं, इतकं जोरात धडधडतं. थेंब डोळ्यात पडला की ते एकदा मिटतं, उघडतं, आणि थेंब आत गेलेला असतो. तेवढं बघूनच सोडायचं. घाई केली तर थेंब गालावरून ओघळतो आणि त्या पिलाला लस दिलीच नाही असं होतं. गेल्या खेपेला आम्ही एका सकाळी 240 पक्षी केले. त्या दिवशी सगळ्यांच्या घरचं आंबवलेलं धान्य एकाच परातीत आलं होतं. वास प्रत्येक घरचा वेगळा. कुणाचं नाचणीचं, काळपट, दाट. कुणाचं ज्वारीचं. कुणी ताकाचं पाणी घातलेलं. कोंबड्यांनी भेद केला नाही.

गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते, मध्येच खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पिलं काढते, त्यांना घारीपासून वाचवते. गिरिराज, वनराज या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण त्या क्वचितच खुडूक होतात, म्हणून आम्ही दोन्ही ठेवतो. सुधारित कोंबडीची अंडी गावठीखाली बसवायची. अंड्याचं कवच मात्र रात्रीत घडत असतं, म्हणून भाजून कुटलेली टरफलं संध्याकाळच्या खाण्यात, सकाळच्या नाही. हे आत्यांनी मला शिकवलं तेव्हा कारण सांगितलं नव्हतं. "रातीला लागतं," एवढंच म्हणाल्या होत्या.

आत्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. 2021 च्या उन्हाळ्यात घरात सगळ्यांनाच ताप आला. आमचे वास परत आले, त्यांचा आला नाही. आधी वाटलं येईल. दूध करपलेलं कळेना, पावसाची पहिली सर कळेना. मोगऱ्याची फुलं ओंजळीत घेऊन त्या बसायच्या आणि मग तशीच ताटलीत ठेवून द्यायच्या. त्यांनी तक्रार केली नाही, पण पडवीत बादलीपाशी यायचं बंद केलं. मी झाकण काढलं की त्या दुसरीकडं बघायच्या. मीही काही बोलायचे नाही. वास घ्यायचा, ठरवायचं, घालायचं.

गेल्या पौषात एका सकाळी थंडी फार होती. तिसरा दिवस होता तरी बादलीचा वास नीट लागेना. आंबलंय की नुसतंच भिजलंय, मला ठरेना. मी दोनदा वाकले, दोनदा उठले. आत्या चुलीपाशी हात शेकत होत्या.

"हिकडं आण," त्या म्हणाल्या.

मी बादली त्यांच्यापुढं ठेवली. झाकण काढलं. त्यांनी पदर मागं सारला, एक हात जमिनीला टेकला आणि हळूहळू वाकून कान बादलीच्या तोंडाशी नेला. डोळे मिटले. मीही श्वास रोखला, आणि मग मलाही ऐकू आलं. बारीक, अगदी बारीक फुटणं, वाळल्या पाल्यावर भुरभुर पाऊस पडावा तसं.

"बोलतंय," त्या म्हणाल्या. "दे."